हनुवटीवरची हळद

हळद शिजायला लागली की त्या वासानं मी अजून दारं-खिडक्या लावून घेते. मी सतरा वर्षांची होते, चार महिने पाळी आली नव्हती अन् हनुवटीवर राठ केस उगवले होते. आई रोज त्यांवर ओली हळद घासायची. शेवटी तिनं वसमतला नेलं, तर माझा पिवळा चेहरा बघून डॉक्टरबाईंनी आधी काविळीचीच तपासणी केली. मग विचारलं, "पाळी येते का नीट?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "व्हय, बराबर येते." बाहेर आल्यावर माझं मनगट आवळून तिनं विचारलं, "खरं सांग, कोणाचं हाय?" हार्मोन बिघडल्याचं निदान तीन वर्षांनी झालं. परवा लेकीनं पाळी चुकल्याचं सांगितलं, तेव्हा आईचाच प्रश्न माझ्या ओठांवर आला होता.