‘ग्वेल्ड इशे’ म्हणजे काय

हॅलिफॅक्सला आमच्या शेजारी एक वेल्श बाई राहायच्या. ऐंशी उलटलेल्या, एकट्या. बर्फ पडला की त्यांचा ड्राइव्हवे मी फावड्याने मोकळा करायचो आणि मग त्या चहाला बोलवायच्या. एका शनिवारी चहा झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. हात थरथरायला लागल्यापासून त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि वेल्समधल्या धाकट्या बहिणीला तर पत्र पाठवायचं होतं. त्या एकेक अक्षर सांगत गेल्या, मी अर्थ न कळता उतरवत गेलो.

शेवटच्या ओळीत काय आहे, ते मी विचारलं. त्यांनी ती ओळ फोड करून सांगितली. ‘ग्वेल्ड’ म्हणजे पाहणं. जुनं रूप ‘ग्वेलेड’, बोलण्यात आखडलं. ‘इशे’ म्हणजे उणीव. उच्चार एवढासा, पण लिहायला सहा अक्षरं. दोन्ही मिळून कुणाची तरी आठवण येण्याचं क्रियापद होतं. मात्र त्यात माणूस कर्म होऊन येत नाही. ‘तुझी’ म्हणायचं आणि ते ‘इशे’ला जोडायचं.

“म्हणजे मी तिला म्हणतेय, तुझी उणीव मला दिसते,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे उणीव भासते, आणि तीही ‘तुझी’च, असं मी सांगितलं. त्यांनी ते मला मराठीत म्हणायला लावलं, दोनदा. दुसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं की इथे आल्यापासून हे वाक्य मी कुणालाच म्हटलेलं नाही. आईशी बोलणं व्हायचं ते थंडीचं, भाजीचं, नाहीतर तिच्या गुडघ्यांचं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, “आई, तुझी उणीव भासते गं.”

ती म्हणाली, “असं पुस्तकातलं काय बोलतोस? बरं नाही का तुला?”

मी बरा आहे म्हणालो. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “तुझा पलंग मी अजून काढला नाही. सगळे म्हणतात, जागा अडते.”

सोमवारी ऑफिसात रजेसाठी अप्लाय केलं. निघायच्या आदल्या दिवशी बाईंना सांगायला गेलो. त्यांनी प्रवासाचं काही विचारलं नाही. किती दिवस राहणार, एवढंच विचारलं. मी तीन आठवडे म्हणालो.

“कमी आहेत,” त्या म्हणाल्या.