सामायिक माळा

दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत उभी राहिली, पण ती आढ्यापर्यंत गेलीच नाही. चिरे संपले की गवंडी कंटाळला, कोण जाणे. माळ्याच्या फळ्यांना टेकून ती थांबली आणि वरचा माळा पूर्वीसारखा एकसंध राहिला. मग गुरुदासने आणि बाळाने त्यावर आडवी एक काथ्याची दोरी ताणली. दोरीच्या अलीकडे थोरल्याचं, पलीकडे धाकट्याचं. खाली स्वयंपाकघरं दोन झाली; वर मांजर मात्र दोन्हीकडे फिरत राहिलं.

थोरली जाऊ सत्यवती मामाकडे मालवणात राहून सिस्टरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. धाकटी शेवंती शाळेची पायरी चढली नव्हती. शेवंतीचं काहीही बघून सत्यवतीचा जीव जळायचा, आणि जळण्यासारखं शेवंतीकडे काही नव्हतं, हेच तिला जास्त लागायचं. ना रूप, ना अक्षर. नवरा बाळा बोटीवर, दहा-दहा महिने घरी नाही.

पण पत्रं होती.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेवंती पोस्टाचं पाकीट घेऊन सत्यवतीकडे आली होती.

"वयनी, माका एक पत्र लिवन देशी?"

"तुझ्या घोवाक मी काय लिवचा?" सत्यवती वाटण वाटत होती. तिने मान वर केली नाही.

शेवंती मुकाट्याने थोरल्या दिराकडे गेली. गुरुदास ओरोसच्या कचेरीत कारकून. त्याचं अक्षर असं की साहेबसुद्धा मसुदा त्याच्याकडून लिहून घेत. तेव्हापासून अकरा वर्षं, एक रविवार आड, जेवणं झाली की गुरुदास ओटीवर दौत घेऊन बसायचा आणि शेवंती खांबाला टेकून हळू आवाजात सांगायची. सत्यवती चहा घेऊन आली की दोघं गप्प. ती कप ठेवून तरातरा आत जायची, आणि तिची पाठ वळली की टाकाची करकर पुन्हा सुरू व्हायची. आत चुलीपुढे बसून ती कान देऊन ऐकायची. शब्द कळत नसत, करकर तेवढी कळायची.

तिला स्वतःला गुरुदासने कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. लिहिणार कशाला? तो रोज संध्याकाळच्या एसटीने घरी यायचा. वाचता येणाऱ्या बाईला पत्र नाही, आणि जिला 'श' ओळखता येत नाही तिची पत्रं बोटीवरून जग फिरतात!

पुढे बाळा गेला आणि पत्रं थांबली. तीन वर्षांपूर्वी गुरुदासही गेला. श्रावणात, दिवसकार्य आटोपल्यावर, सत्यवतीने त्याचे सगळे कागद गोळा केले: नोकरीचे हुकूम, आंब्याच्या कलमांची वही, फोटो. एकेक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, आत डांबराच्या गोळ्या टाकल्या, तोंड चिकटपट्टीने बंद केलं. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आणि पिशव्या ट्रंकेत रचल्या. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. सुतार बोलावून तिने माळ्यावर, दोरीच्या रेषेवरच, खालपासून कौलापर्यंत प्लायवूड ठोकून घेतलं.

"तुझ्या चुलीचो धूर तेंच्या कागदांवर नको," ती शेवंतीला म्हणाली. शेवंती अजून न्हाणीचं पाणी आणि उकड्या भाताचं हांडं चुलीवरच ठेवायची.

"धूर अडवलंस तर वर वल धरतली गो, वयनी. धुरानच माळो सुको ऱ्हवता."

"माझा माका कळता."

यंदा वैशाखात घर शाकारायला काढलं. कौलं उतरायची म्हणजे माळा रिकामा करणं आलं. तीस वर्षं या घराची कौलं परतणारा दाजी छपरावर चढला आणि आधी त्याने ते प्लायवूड उखडून खाली टाकलं. त्याची मागची बाजू काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरली होती.

घरापुढच्या खळ्यात चटई घालून सत्यवतीने ट्रंक उघडली. पिशव्यांना आतून घाम फुटला होता. पहिलीची पट्टी कापली तशी आंबूस वाफ नाकात शिरली. कलमांची वही काढली तर निळी शाई पसरून पानभर आभाळ झालेलं. एक अक्षर शाबूत नाही. हुकूम एकमेकांना चिकटून पुठ्ठा बनलेले. फोटो तर सोडवता सोडवता सोलून निघत होते.

दाजी वरून बघत होता. "वयनी, फोटोंचा लोणच्या घातलंस काय गो? खेव्हा बांधलंस ह्या?"

"श्रावणात."

"मगे पाऊसपण आत बांधलंस!"

सत्यवतीच्या हातात कुणकेश्वरच्या जत्रेतला फोटो होता. चौघं ओळीने उभे. फोटोवाल्याने उंचीप्रमाणे लावलं आणि गुरुदासच्या शेजारी शेवंती आली. त्या फोटोवर सत्यवतीचा चाळीस वर्षं राग होता. आज तिने तो दुसऱ्या फोटोपासून अलगद सोडवला, तर कागदावर चौघांची फक्त पावलं राहिली.

नवऱ्याचं अक्षर म्हणून तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

शेवंतीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिच्यासमोरच उघडला गेला. आत धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं, त्याच्या घडीत वेखंडाचे तुकडे. तोच फोटो, धुराने चहासारखा झालेला, पण चौघंही जागच्या जागी. आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. बाळा दर सुट्टीत ती परत घेऊन यायचा. कुरकुरीत, कोरडी. वरच्याच पाकिटावर गुरुदासचं अक्षर.

दाजीसाठी चहा टाकायला शेवंती आत गेली. सत्यवतीने सुतळी सोडली. असं कुणाचं पत्र वाचू नये, हे सिस्टरांनी शिकवलं होतं. तिने वाचलं.

'तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतं. सकाळी न्हाऊन मागल्या दारी केस वाळवत उभी राहते. कमरेपर्यंतचे केस, वाळायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी कुणाला देत नाही. तो फक्त तुमचा.'

तिच्या कानशिलांत जाळ झाला. असले शब्द त्या माणसाला येत होते! आणि ते ओटीवर बसून, शेवंतीसाठी!

मग ती थांबली. कमरेपर्यंत? शेवंतीचा अंबाडा जन्मात सुपारीएवढा. मागल्या दारी केस वाळवत उभी राहायची ती सत्यवती. आणि गुरुदास तिथेच पडवीत आरशापुढे दाढी करायचा. पाठमोरा. एसटीच्या घाईत त्याने कधी 'पाणी तापला काय?' यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

शेवंती कप घेऊन आली.

"ह्या कोणी सांगलेला?" सत्यवतीने ओळ वाचून दाखवली.

शेवंती हसायलाच लागली. "ता भावजीनी आपणाहून घातल्यानी. मी सांगी, बरी आसंय, गाय व्याली, काळजी करू नको. भावजी म्हणत, इतक्यान कागद भरना नाय. मगे ह्यो सुट्टयेर इलो, पयलो माझो पदर मागे सारून बघल्यान. म्हणता कसो, 'केस खंय गेले गो तुझे?'"

"मगे तू काय सांगलंस?"

"सांगलंय, गळले!"

छपरावर दाजी खो-खो हसला.

"ते माझे केस गो," सत्यवती म्हणाली.

"माका ठावक आसा. लिवताना भावजी सारके मागल्या दाराकडे बघीत."

"आणि इतकी वर्सा बोलाक नाय तू!"

"तू विचारलंस खंय? चाय ठेवन तरातरा जायस."

सत्यवतीने पत्र पदराखाली घेतलं. "ह्या माका दी. बाकीची तुझी."

"नाय." शेवंतीने हात पुढे केला. "केस तुझे, पत्र माझा. तेना बोटीवर उशाखाली ठेवलेला ता." मग म्हणाली, "पण वाचून दाखव. भावजी गेल्यापासून माका कोण वाचून दाखवता? वाचशीत तोवर तुझ्याच हातात आसतला."

कौलं चढली. प्लायवूडचं काय करायचं, असं दाजीने विचारलं तेव्हा सत्यवतीने गोठ्याकडे बोट दाखवलं. दोरी मात्र तिने जुन्याच जागी, मोजून बांधायला लावली. शेवंतीचा डबा दोरीच्या पलीकडेच गेला. हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर.

आता एक रविवार आड, जेवणं झाली की दोघी ओटीवर बसतात. सत्यवती चष्मा लावून वाचते, शेवंती खांबाला टेकून वाल सोलते. पहिल्याच खेपेला ते पत्र निघालं. सत्यवती गाईपर्यंत आली, पावसापर्यंत आली, आणि मधली ओळ गिळून पुढे गेली.

"केसांची ओळ ऱ्हवली," शेवंती मान वर न करता म्हणाली. तिला सगळी पाठ होती.

सत्यवती मागे गेली. ओळ सावकाश, मोठ्याने वाचली. आणि पुढे जोडलं, "हे केस वयनीचे."

"त्यात लिवलेला नाय ता," शेवंती म्हणाली. "फुडे वाच."