सरदारचे डोळे

फोटो गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, किस्से तेवढे स्टुडिओत राहतात. शहाद्याला आम्ही दोघांनी स्टुडिओ चालवला. कॅमेरा माझा, फ्लॅशची ताटली आणि ब्रश रामभाऊचा. माणसांच्या फोटोचे किस्से कुठेही मिळतील. आमच्याकडचे सगळे जनावरांचे!

कारण आमच्याकडे घरचा फोटो म्हणजे त्यात बैल, म्हैस, कुत्रा आलाच. आणि माणसं शेतातून परतणार दिवस मावळताना. मग गोठ्याच्या अंधारात फ्लॅशची पूड पेटवण्यावाचून गत्यंतर नाही.

* * *

पहिला कुत्रा लोणखेड्याच्या एका पाटलांचा. फोटो झकास, पण कुत्र्याचे डोळे दिव्यासारखे पांढरे! पाटलांनी बराच वेळ फोटो न्याहाळला.

"कुत्रा मन्हा शे, पन या डोया कोन्हा शेतस?"

आमच्या कॅमेऱ्यातून जनावराच्या अंगात काहीतरी शिरतं, अशी आवई उठली. आधी जनावरं यायची बंद झाली, मग पोरंबाळं. धंदा बसायची वेळ आली. मी खरोखर घाबरलो होतो. रामभाऊ मात्र म्हणाला, "दोष डोळ्यांचा आहे, आपला नाही."

* * *

त्यावरचा उपाय आम्हाला एका मिशीने शिकवला. ताटली नेहमी कॅमेऱ्याला चिकटून धरायची, ही आमची पद्धत. एका गिऱ्हाइकाने आधी कुठेतरी मिशीवर ठिणगी खाल्ली होती.

"तिकडे दूर धर ते. माले मिशी येकच शे."

रामभाऊ चिडून पार गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला. फोटो धुतला तर बैलाचे डोळे काळेभोर! उजेड बाजूने आला की डोळे चमकत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं. रामभाऊ मात्र हा शोध आपलाच म्हणून सगळ्यांना सांगायचा.

* * *

दुसरा नियम असा, की जनावराने कॅमेऱ्यात बघायचं नाही. एका घरी म्हशीची नजर वळवायला रामभाऊने बाजूला उभं राहून सरकीच्या ढेपेचा तुकडा दाखवला आणि हाक मारली.

आजोबा, सुना, नातवंडं, सगळं घर ढेपेकडे बघतंय. कॅमेऱ्याकडे बघतेय ती फक्त म्हैस. तिचे डोळे चमकले ते चमकलेच.

तिथून रामभाऊने ब्रश हातात घेतला. फोटोत जनावराचा डोळा पांढरा दिसला, की शाईचा ठिपका द्यायचा. हात इतका बसला, की कोणाला शंकाही येत नसे. पुन्हा गर्दी झाली. लांबच्या खापर गावाहूनही माणसं यायला लागली.

* * *

अशात दगाजी आबा आले. त्यांचा सरदार नावाचा बैल थकला होता. तो जायच्या आत त्याचा एक फोटो त्यांना हवा होता. जन्मात काढलेला नव्हता.

इतकं गुणी जनावर मी पाहिलं नाही. गोठ्यात अंधार. आबा बाजूला उभे राहून हळूच म्हणायचे, "सरदार," आणि तो बरोबर त्यांच्याकडे मान वळवायचा. ढेप नको की काही नको. ताटली लांब, नजर बाजूला, सगळं नियमात.

तरी फोटोत डोळे पांढरेच!

"पूड दमट असणार," रामभाऊ म्हणाला आणि ब्रश उचलला. असे डोळे त्याने कधीच रंगवले नव्हते, ओले, टपोरे. मलाही त्याचं कौतुक वाटलं.

पुढच्या बाजाराला आबा आले. रामभाऊने स्वतः फोटो त्यांच्या हातात दिला. "बघा आबा, डोळे बघा."

आबा बघत राहिले.

"हाऊ ते आंधया व्हता, भाऊ."

सरदार आंधळा! म्हणजे ते पांढरे डोळे फ्लॅशचे नव्हते, त्याचेच होते. मी घाईने म्हणालो, "आबा, उद्याच येतो. दुसरा काढू."

"गोठा रिकामा शे."

शाई खरवडून काढता येईल, असं पुटपुटत रामभाऊने फोटो घ्यायला हात पुढे केला. आबांनी फोटोतल्या डोळ्यांत एकदा बघून घेतलं आणि फोटो बंडीच्या आत, छातीशी सरकवला.

"ऱ्हाऊ द्या. आते तरी हाऊ माले देखी ऱ्हायना."