नवरीचा पहिला घास

केळवणाला आमच्याकडे गडगनेर म्हणतात. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाईक एकेक करून जेवायला बोलावतात, कुंकू लावतात, ओटी भरतात आणि तिचं पोट भरलं की उपदेश करतात. उपदेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो वाढताना कुणी हात आखडत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या बहिणीच्या मुलीची गडगनेरं सुरू झाली. बहिणीला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, तेव्हा मुलीबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. मी तोंडाळ म्हणून घराण्यात प्रसिद्ध आहे, पण खायलाही पुढेच असते.

मुलगा कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारा. नोकरी चांगली, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, वाकून नमस्कार करणारा. आमच्या घरचे हातमाग कधीच बंद पडले, पण कापड उलटसुलट करून बघायची सवय काही गेली नाही. त्यालाही सगळ्यांनी तसंच बघितलं आणि तो सगळ्यांना पसंत पडला. मलाही पडला, खोटं कशाला बोलू?

गडगनेराची एक रीत आहे. जिच्यासाठी ताट मांडलं तिने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी जेवायला सुरुवात करायची नाही. पहिल्याच घरी मुलीने घास घ्यायच्या आधी मोबाइल काढला, ताटाचा आणि पंगतीचा फोटो घेतला, पाठवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. "त्यांनी सांगितलं, आधी दाखवायचं, मग जेवायचं," ती लाजत म्हणाली. थोड्या वेळाने उत्तर आलं, ती जेवली, मग आम्ही जेवलो. बायकांना कोण कौतुक वाटलं. आजकालची मुलं किती जीव लावतात, आमच्या ह्यांना तर आम्ही जेवलो की उपाशी आहोत याचाही पत्ता नसे, असं सगळ्या बोलून गेल्या. पुढच्या घरी तर फोटोसाठी बायका आधीच पदर सारखे करून बसल्या.

माझी आजी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि आजोबा उठले की त्यांच्याच उष्ट्या ताटात जेवायची. आईच्या वेळी ताट वेगळं झालं, वेळ मात्र तीच राहिली. मी ऑफिसात डबा उघडताना कुणाला विचारलं नाही, एवढीच काय ती आमच्या पिढीची क्रांती. आणि आता ही मुलगी, एम. कॉम. झालेली, होणारा नवरा पाच कोसांवर असताना त्याच्या उत्तराआधी जेवत नव्हती. मला हसू येत होतं. सुरुवातीला तरी येत होतं.

तिच्या आत्याकडे गेलो तेव्हा आत्याचा मोठा मुलगा वाढत होता. फोटोत त्याचा हात आणि अर्धा खांदा आला. उत्तर आलं ते एवढंच, की तो कोण. मुलगी उठून गॅलरीत गेली. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते आणि ती सारखी मान डोलवत होती, जणू तो समोरच उभा आहे. ती परत आली तेव्हा चेहऱ्याचा रंग उडाला होता. आत्याने आपल्या मुलाला हळूच आतल्या खोलीत जायला सांगितलं, पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. दुसरा फोटो गेला. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

निघताना आत्याने ओटी भरली आणि सांगितलं की पुरुषाचा संशय म्हणजे प्रेमच असतं, आपण वागणुकीने तो जिंकायचा. मुलीने वाकून नमस्कार केला.

शेवटचं गडगनेर माझ्याकडे, प्रताप नगरला. पाटवडीचा रस्सा, पुरणपोळी आणि गोळाभात केला होता. त्यावर घालायला भिवापुरी मिरचीची फोडणी दिलेलं तेल होतं. गोळाभात गरमच खावा लागतो. फोटो गेला, उत्तर आलं नाही. वाफ गेली, पोळीवरचं तूप थिजलं. पंगतीला बसलेल्या शिकल्यासवरल्या बायका हात धुऊन मुकाट्याने त्या मोबाइलकडे बघत होत्या. पोरीच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, जेव बाई, उत्तर येईल सावकाश. तिने नुसती मान हलवली.

तूप गरम करायच्या निमित्ताने मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू काहून एवढी भितं वं त्याले?"

"भित नाही, मावशी. एकदा मी आधी जेवली होती, तर चार दिवस बोलले नाही ते. माझंच चुकलं होतं." मग ती जरा हसली. "सगळ्यांनी मले काही न काही सांगितलं. तूच काही सांगितलं नाही."

मला राहवलं नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉलचं ठरलं होतं, बहीण आजारी. सगळं कळत होतं.

"हे लग्न करू नको," मी म्हणाले.

ती रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. ती शांतच होती. तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी मिटल्यासारखं झालं.

"ते मले म्हणालेच होते, तुझी मावशी एक दिवस लग्न मोडाले सांगीन. मी भांडली त्यांच्याशी. छातीवर हात ठेवून सांगितलं, माझी मावशी तशी नाही." ती थांबली. "अन् ते खरे निघाले."

बाहेर मोबाइल वाजला. ती धावत गेली. तिने घास घेतला आणि बायका थंड भातावर तेल ओतून जेवू लागल्या.

मी बहिणीला सगळं सांगितलं. पोरीला दृष्ट लागेल असं अभद्र बोलू नको, असं म्हणून तिने माझ्याशी बोलणं कमी केलं. लग्नात मी अक्षता टाकल्या. मुलगी मला पाया पडायला आली नाही. तो आला आणि वाकून नमस्कार करून गेला.

आता मी तिला फोन केला की लागतो, पण उचलतो तो. फार आदराने बोलतो. माझ्या बी.पी.ची, गोळ्यांची चौकशी करतो. ती कामात असते, झोपलेली असते, नाहीतर आंघोळीला गेलेली असते. परवा मी हट्टाने म्हटलं, मी थांबते, तिला बोलाव. पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बंद केल्याचा खटकाही ऐकू आला, इतकं ते जवळ होतं.

"ती इथंच उभी आहे, मावशी," तो म्हणाला. "तुम्हाले तिले काही सांगायचं असन तर मले सांगा. मी सांगतो तिले."