हिरवं फलालीन

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे तर नाहीच. देवाला सगळं माहीत असतं म्हणतात. मग त्यानं तरी काय केलं? पण त्याच्यावर कशाला चिडू? चिडायला माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांत पहिला मी.

जालन्यात मस्तगडला माझं गाद्या-सोफ्यांचं दुकान होतं. जीपची, मेटाडोरची सीट कव्हरंही शिवायचो. नव्वदच्या आसपासचे दिवस. गावातल्या बड्या मंडळींचा एक क्लब होता. वकील, आडते, डॉक्टर, जिनिंगवाले. रमी चालायची, तीन पत्ती चालायची, आणि कुणीतरी मुंबईहून शिकून आल्यापासून पोकरही. त्यांना पत्त्यांची टेबलं नव्यानं मढवून घ्यायची होती. ते काम मला मिळालं ते नामदेवमुळं.

नामदेव वाटूरचा. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. यानं एक मेटाडोर घेतली, मग दुसरी, आणि आमच्याच गल्लीत घर केलं. क्लबात त्याला घेतलं होतं खरं — पण का? त्याच्या गाड्या सगळ्यांना लागायच्या म्हणून. तो आला की बोलणं जरा थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. तो हसण्यावारी न्यायचा. राग मला यायचा. हो, मलाच.

क्लबाच्या सेक्रेटरींना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी विचारलं, वर काय घालायचं? त्यांच्या मनात सनमायका होता, पुसायला सोपा म्हणून. मी म्हणालो, सनमायकावरून पत्ता नखानं उचलता येत नाही, आणि चकाकीत वाटणाऱ्याला पानं दिसतात. रेक्झिनला उन्हाळ्यात कोपरं चिकटतात. मखमलीवर पत्ता सरकत नाही. पत्त्याच्या टेबलाला एकच गोष्ट — चोख लोकरीची हिरवी बनात, रंग न सोडणारं जाड कापड. हैदराबादच्या क्लबांत मी असली टेबलं मढवलीत, असंही ठोकून दिलं. हैदराबादला मी एकदाच गेल्तो, मावशीच्या मुलीच्या लग्नाला.

बनात हैदराबादहून यायची होती. ती आली नाही. दुकानदार आज-उद्या करत राहिला. इकडे टेबलांच्या उद्‌घाटनाला बाहेरचे पाहुणे बोलावलेले. आणखी थोडे दिवस द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. पण हैदराबादच्या गप्पा मारल्यावर ते कोणत्या तोंडानं म्हणणार? मी बाजारातून हिरवं फलालीन आणलं. रंगवलेलं, सुती. लांबून पाहिलं तर बनातच. हात फिरवला तर मऊ. पत्ता झकास सरकायचा.

आणि अंगठा ओला करून घासला, तर अंगठा हिरवा व्हायचा. मी घासून पाहिलं होतं. बसवायच्या आधी. म्हणजे नकळत झालं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवली नाही.

भाऊसाहेबांनी पाहुण्यांसमोर विचारलं, "चोख बनात ना?" मी म्हणालो, "बिलकुल." नामदेवनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याला अभिमान वाटला होता माझा.

मग उन्हाळा आला. जालन्याचा उन्हाळा, पंख्याखालीही तळवे ओले. त्या दुपारी मी क्लबातच होतो, एका टेबलाची कड सुटली होती ती ठोकत. पलीकडच्या टेबलावर एकदम आवाज चढला. एका वकिलानं एक्का उलटा धरला होता. पत्त्याच्या पाठीवर, कोपऱ्यात, हिरवा ठिपका. मग राजा निघाला, त्यावरही डाग. खुणा केल्यात, खुणा! कुणी केल्या? टेबलाभोवती सहा माणसं बसली होती. त्यांतल्या पाच जणांच्या नजरा सहाव्याकडेच का वळल्या, सांगा मला. काय पुरावा होता? कुणी पाहिलं होतं?

"बोटं दाखव," वकील म्हणाला. नामदेवनं हात पुढं केले. बोटं हिरवट होती. असणारच! प्रत्येकाची असणार होती! त्या शिकलेल्या, शहाण्या मंडळींतल्या एकानंही स्वतःचा हात उलटून पाहिला नाही. आजही आठवलं की डोकं तापतं. वकिली करता, रोग्यांच्या नाड्या तपासता, आणि स्वतःची बोटं बघता येत नाहीत? कुणीतरी म्हणालंच, "मेंढरामागून उठवून खुर्चीत बसवलं, आपलंच चुकलं."

नामदेव भांडला नाही. त्यानं खोलीभर पाहिलं आणि त्याला मी दिसलो. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा झाला — आता मिटलंच, असा.

"दत्ता, कपडा तू बसविला ना? सांग बरं यांना. रंग जातो का याचा?"

माझ्या हातात हातोडी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, भाऊसाहेबही. एक शब्द बोलायचा होता. हो. एवढाच. काय झालं असतं? नाव गेलं असतं, क्लबाचं काम गेलं असतं, चार लोकांनी शिव्या दिल्या असत्या. मला कुणी मारून टाकणार होतं का?

"न्हाई," मी म्हणालो. "चोख बनात हाय."

त्याला बाहेर काढलं. त्यानं चपला घातल्या आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही. गल्लीत त्याला हिरव्या म्हणायला लागले. आधी पाठीमागं, मग तोंडावर. त्याची पोरगी शाळेतून रडत यायची. तिलाही हिरवी म्हणायचे. आडत्यांनी त्याच्या गाड्या लावणं बंद केलं — पत्त्यात खुणा करतो तो मालात काय करील, म्हणे! पुढच्या पावसाळ्याआधी त्यानं दोन्ही मेटाडोर विकल्या आणि बिऱ्हाड वाटूरला हलवलं. सामान भरायला मी गेल्तो. कपाटाचं एक टोक मी धरलं होतं.

आणि भाऊसाहेब? तो प्रकार होऊन आठ दिवस झाले नसतील, ते माझ्या दुकानात आले. बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "ते कापड बदल. गुपचूप. कुणाला काही बोलायची गरज न्हाई." त्यांच्या पांढऱ्या बाहीला हिरवा पट्टा उमटला होता. म्हणजे त्यांना कळलं होतं! कळलं, आणि तरी नामदेवला परत बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर माफी मागावी लागली असती. मेंढरं राखणाऱ्याच्या पोराची माफी! मी त्या माणसाला वर्षानुवर्षं मनात शिव्या घातल्या. पण तो बोलला नाही, आणि मी खोटं बोललो. दोघांत जास्त वाईट कोण, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

या खेपेला बनात आली, खरी. मी ती बसवली. टेबलं छान झाली म्हणून मंडळींनी मला चहा पाजला.

बऱ्याच वर्षांनी परतूरला एका कामाला निघालो होतो. वाटूर फाट्यावर गाडी बदलायची होती. तिथं नामदेव दिसला. केस पिकलेले, खांद्यावर टॉवेल. मी तोंड फिरवणार, तोच त्यानं हाक मारली. हाताला धरून हॉटेलात नेलं, माझ्यासाठी भजी मागवली. पोरीचं लग्न झालं, शेती बरी आहे, असं बोलत राहिला. मग कप खाली ठेवून म्हणाला,

"दत्ता, एक इचारू? कपडा चोख हाय असं तू म्हणलास, म्हणजे तो चोखच असणार. तू कशाला खोटं बोलशील? मंग माझ्या बोटाला काय लागलं होतं रे? मी लई इचार करून राह्यलो. कधी कधी वाटतं, मीच काही केलं का, अन् मलाच याद न्हाई?"

इतकी वर्षं तो माणूस स्वतःच्या हातांवर संशय घेत होता. माझ्यावर नाही.

"असंल काहीतरी," मी म्हणालो. "उन्हाळ्याचे दिवस होते."

तेवढ्यात परतूरची गाडी आली. दाराशी झुंबड उडाली. नामदेव माझ्या आधी धावला, खिडकीतून आपला टॉवेल सीटवर टाकला आणि ओरडला, "दत्ता, जागा धरली, ये आरामात!" मी चढलो. त्या सीटवर बसलो. टॉवेलाची घडी करून खिडकीतून त्याच्या हातात दिली. गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा होता.

नामदेव अजून वाटूरलाच असतो.