बुडालेल्या पणजोबांची फाइल

साहेबांचे पणजोबा समुद्रात बुडाले होते, आणि बुडाल्याचा एकही कागद मिळत नव्हता.

"शुभा, तू कागद शोधतेस. हाही कागदच आहे," साहेब म्हणाले.

"सर, मी पाइपांची ड्रॉइंग्ज शोधते."

"मग एक माणूस तुला जड नाही. महिनाअखेरपर्यंत दे."

हे मेअर साहेब. मूळचे स्कॉटलंडचे, बहरीनमधल्या आमच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. मी तिथे एकोणीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. हे काम काय असतं ते माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून सोपं करून सांगते. एका प्रोजेक्टची हजारो ड्रॉइंग्ज असतात. प्रत्येकाला नंबर असतो, आणि बदल झाला की रेव्हिजन वाढते, झीरोची एक, एकची दोन. साइटवरच्या माणसाच्या हातात सगळ्यात नवी प्रत आहे ना, हे मी बघायचं. जुन्या प्रतीवर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा. म्हणजे हिची जागा दुसरीने घेतली, हिच्यावर विसंबू नका.

मेअर साहेब या बाबतीत महाकडक. एकदा चाळीस पानांच्या गठ्ठ्यात एक पान कमी निघालं, तर सगळा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "मला अर्धं सत्य नको." मी तेव्हा टॉयलेटमध्ये जाऊन रडले होते. त्या माणसाने पणजोबांसाठी माझ्यापुढे असं घायकुतीला यावं, याची मला आधी जरा मजाच वाटली.

मग त्यांनी वडिलांचा फोटो दाखवला. वय अठ्ठ्याऐंशी, वृद्धाश्रमात खुर्चीत बसलेले, गुडघ्यावर चौकटीची शाल. त्यांच्या गावात समुद्रात गेलेल्या माणसांच्या नावांचा नवा दगड बसणार होता. आजोबांचं नाव त्यावर कोरलेलं बघायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती. गावच्या कमिटीचं म्हणणं, ऐकीव गोष्टीवर नाव घालणार नाही, सरकारी कागद आणा. मजा वाटल्याची मला लाज वाटली. मी हो म्हटलं.

स्कॉटलंडच्या नोंदी मात्र बघत राहाव्यात अशा. जन्म, लग्न, मृत्यू, दर दहा वर्षांची जनगणना, सगळं वेबसाइटवर. मला सगळ्यात आवडलं ते हे, की मृत्यूच्या नोंदीत आईचं नाव माहेरच्या आडनावासकट लिहितात. आपल्याकडे बाईचं माहेर लग्नाच्या दिवशीच पुसून टाकतात. तिथे तिचा लेक म्हातारा होऊन मेला तरी कारकून विचारतो, आईचं माहेरचं आडनाव काय?

हे हवंच होतं, कारण त्या गावात सगळी मिळून चार आडनावं. जॉर्ज मेअर नावाची माणसं एका वेळी डझनभर. माझ्या माहेरी अर्धं गाव पवार, म्हणून कुणी विहिरीवरचे पवार, कुणी मिशीवाले पवार. तिथेही तसंच, फक्त तिथले कारकून ते टोपणनाव सरकारी वहीत चढवायचे. आमचे पणजोबा जॉर्ज 'बॉबिन' मेअर. बॉबिन म्हणजे दोऱ्याचं रीळ. रिळाचा धागा धरून मी दोन दिवसांत जन्म काढला. वडील अलेक्झांडर, आई एल्स्पेट, माहेरची पिरी. मग लग्न काढलं, इझाबेला नावाच्या मुलीशी. मग चार मुलं. थोरल्याचं नाव अलेक्झांडर, कारण त्यांच्यात पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत.

आणि मरण नाही. साहेबांनी सांगितलेलं वर्ष बघितलं, आधीचं बघितलं, नंतरचं बघितलं. समुद्रात मेलेल्यांचं वेगळं रजिस्टर असतं, तेही चाळलं. साहेबांचे दोन चुलतभाऊ पंधरा वर्षं हेच करत होते. माझ्या डोक्याला ताप झाला.

आमच्या प्रिंटरूममध्ये इस्माईलभाई आहेत. रत्नागिरीकडचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. ड्रॉइंग्ज छापतात, घडी घालतात आणि कुणी विचारो न विचारो, मत देतात. करक, म्हणजे इथल्या दाट दुधाच्या चहाचा कप घेऊन मी त्यांच्याकडे रडगाणं गायला गेले.

"बोट खयची? नाव काय तिचा?" त्यांनी विचारलं.

"बोटीचं काही कुठे नाही."

"आणि बाकीचे कोण बुडले?"

"बाकीचे कोण?"

इस्माईलभाईंनी घडी घालणं थांबवलं. "शुभाताई, मासळीची बोट काय एकट्या माणसाला घेऊन जात नाय. बाप, भाऊ, मेव्हणा, सगळे एका बोटीत. बुडली तर एका दिवशी पाच घरांत रडारड. तुमचा माणूस एकटाच कसा बुडला?"

मी कप तसाच ठेवला. अहो, एकोणीस वर्षं मी नव्या इंजिनीयर पोरांना सांगते, ड्रॉइंग हरवत नसतं, चुकीच्या फाइलमध्ये असतं. आणि स्वतः मात्र महिनाभर एकाच फाइलमध्ये डोकं घालून बसले होते!

मग मी बुडणं सोडून दिलं. कुठल्याही वर्षी, कुठल्याही गावी मेलेला जॉर्ज मेअर, आई एल्स्पेट पिरी, एवढंच धरलं. पंचवीस मिनिटांत सापडले. बुडाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरात, अंथरुणात, छातीच्या विकाराने वारले. वडील अलेक्झांडर. बायकोच्या रकान्यात ॲनी नावाची कुणी बाई. मृत्यूची खबर देणारा, थोरला मुलगा अलेक्झांडर.

खात्रीसाठी त्या बंदराची जनगणना उघडली. जॉर्ज मेअर, गोदी कामगार, जन्मगाव आपलंच. बायको ॲनी, तीन मुलं, थोरला अलेक्झांडर. या भल्या माणसाने दुसरा संसार मांडला आणि तिथेही पहिल्या मुलाला बापाचं नाव ठेवलं. घर सोडलं, रीत नाही सोडली. एकाच नंबरची दोन ड्रॉइंग्ज, दोन्ही चालू.

मग त्याच वर्षीची गावाकडची जनगणना. इझाबेला मेअर, जाळी दुरुस्त करणारी, चार मुलं. स्थिती या रकान्यात स्पष्ट अक्षरात लिहिलेलं, विधवा.

ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले आणि हसू लागले, आणि मग हसू थांबेना म्हणून पाणी प्यायले. कारण ही बाई मला ओळखीची होती. आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे की माझे मिस्टर जहाजावर असतात. मर्चंट नेव्ही. हे मी पहिल्याच हळदीकुंकवाला तोंडातून निसटल्यासारखं बोलून गेले आणि ते चौदा वर्षं चाललं. कंपनीच्या एचआरमध्ये खरं लिहिलंय, घटस्फोटित. मंडळात जहाज. माझी लेक हल्ली म्हणते, "आई, दॅट शिप शुड रिटायर नाऊ." इझाबेलाने नवऱ्याला सरळ बुडवला. माझी तेवढी छाती झाली नाही, मी नुसता तरंगत ठेवला.

फाइल घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी नऊ पानं दोनदा वाचली.

"वडिलांना हे कळता कामा नये," ते म्हणाले. "कमिटीला फक्त गावाकडची जनगणना पाठव. तिथे विधवा लिहिलंय. सरकारी कागद आहे. पुरे."

आणि खरंच पुरे होतं. तेवढ्या एका पानावर नाव कोरलं गेलं असतं, म्हाताऱ्याने सुखाने डोळे मिटले असते. मलाही मोह झाला. खोटं कुणाचं होतं? शंभर वर्षांपूर्वीच्या एका बाईचं, आणि तिला माझी पूर्ण सहानुभूती होती.

पण नऊतली आठ पानं काढून एक पाठवायचं, आणि तेही या माणसाने सांगायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी पाठवणीचा फॉर्म भरला. एकूण पानं नऊ, पाठवलेली एक. तो त्यांच्यासमोर ठेवला. "पाठवते सर. फक्त इथे तुम्ही सही करा."

त्यांनी पेन उघडलं, फॉर्मवरचे दोन्ही आकडे वाचले. मग टोपण लावून म्हणाले, "तू फार वाईट बाई आहेस, शुभा."

"तुम्हीच ट्रेनिंग दिलंय, सर."

गुरुवारी दुपारी वडिलांना व्हिडिओ कॉल केला. कागद समजावून द्यायला मला शेजारी बसवलं. साहेबांनी पहिल्या पानापासून सांगायला घेतलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं, मारला आपण माणूस.

मग ते डोळे न उघडताच बोलू लागले. लहानपणी ते आजीकडे राहिलेले. वर्षातून एकदा गावातल्या विधवा किनाऱ्यावर जाऊन पाण्यात फुलं सोडायच्या. आजी कधी गेली नाही. त्या दिवशी ती हटकून घरातले सगळे कपडे धुवायला काढायची.

"आम्हाला वाटायचं, तिचं दुःख फार मोठं आहे," म्हातारा म्हणाला. "आम्ही पोरं त्या दिवशी आवाजसुद्धा करत नव्हतो." आणि ते हसायला लागले. इतके हसले की नर्स धावत आली. हसता हसता रडत होते, ते आम्हाला दिसत होतं. साहेबही रडत होते. मीही.

"दगडावर त्याचं नाव नको," शेवटी त्यांनी सांगितलं. "तो काही समुद्राने नेलेला नाही. आमच्या घराण्याच्या कबरीवरच्या दगडावर त्याचं नाव आहे, बुडाला म्हणून. तिचं कुणी घातलंच नाही. ते घाला. माहेरच्या आडनावासकट."

तसं घातलं. साहेबांनी रजा काढून स्वतः उभं राहून करून घेतलं आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, रेव्हिजन एक. वडिलांना चाकाच्या खुर्चीतून नेऊन दाखवलं. तीन आठवड्यांनी ते गेले.

जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं, इथल्या गुदैबिया भागातल्या एका हॉलमध्ये. कुंकवाची कोयरी साठेबाईंच्या हातात. त्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या, आणि दर वर्षीचा त्यांचा एकच प्रश्न. "काय गं शुभा, या वर्षी तरी येतायत का मिस्टर? का अजून जहाजावरच?"

खरं सांगते, बुडवून टाकावं असं क्षणभर मनात आलं. आयतं जहाज होतंच. पण शंभर वर्षांनी माझ्यासारखीच कुणी खडूस बाई नाशिकच्या मतदारयादीत त्यांना धडधाकट शोधून काढणार, हेही दिसलं.

"जहाजावर नाहीत," मी म्हटलं. "कधीच नव्हते. नाशिकला असतात, दुसऱ्या बायकोबरोबर. आमचा घटस्फोट होऊन चौदा वर्षं झाली."

साठेबाईंचं कुंकवाचं बोट हवेत थांबलं. मग त्यांनी ते बोट नीट माझ्या कपाळावर टेकवलं, नेहमीपेक्षा जरा जोरातच.

"बरं झालं बाई बोललीस," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांत एकदासुद्धा सुट्टी न देणारी ती कुठली कंपनी, म्हणून आमचे हे तिची तक्रार करायला निघाले होते."

आमच्या कामात जुनं ड्रॉइंग फाडून टाकत नाहीत. लाल शिक्का मारून कपाटात ठेवतात, कारण कधी काळी कुणीतरी त्यावर काम केलेलं असतं. ते जहाजही मी तसंच ठेवलंय.