चुकांसकट कोमल

“बाई, ह्या पोरीचे जुने व्हिडिओ आधी डिलीट करा.”

केंद्रप्रमुख साहेबांनी माझा फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. फोनवर आमच्या चौथीतली कोमल होती, जून महिन्यातली. एका साध्या वाक्यापुढे अडून बसलेली, फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत.

“का डिलीट करू?”

“अहो, गुरुवारी जिल्ह्याची टीम येणार. डिजिटल पोर्टफोलिओ बघणार. चौथीच्या पोरीला वाक्य वाचता येत नाही, ह्याचा पुरावा आपणच सांभाळायचा?”

“आता येतं की तिला. पुढचे व्हिडिओ बघा ना.”

“मग पुढचेच ठेवा.”

“नाही साहेब. सगळे राहतील.” मी फोन उचलून पर्समध्ये टाकला. शेजारी आमचे मुख्याध्यापक कदम सर बसले होते. त्यांनी चहाचा कप उचलला आणि त्यातच बघत राहिले.

आमची शाळा बेंबळी गावाच्या पलीकडं, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. शिक्षक दोघं. एक कदम सर, दुसरी मी. पोर्टफोलिओ हा शब्द ऐकून दबून जायचं कारण नाही. प्रत्येक मुलाच्या नावाचं फोनमध्ये एक फोल्डर असतं. त्यात त्याच्या वाचनाचा आवाज, सोडवलेल्या गणिताचा फोटो, कविता म्हणतानाचा व्हिडिओ. काही दिवसांनी पुन्हा तेच. लग्नाच्या बायोडाट्यात सगळं चांगलंच लिहिलेलं असतं. हा बायोडाटा नव्हे. मूल कुठून निघालं आणि कुठवर आलं हे त्यात दिसायला पाहिजे. येरमाळ्याच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा हेच विचारतो की, कुठून आलात?

कोमलला पहिलीपासून सगळे ‘कच्ची’ म्हणत. एकदा मी तिची सगळी रेकॉर्डिंग एकामागून एक ऐकली तेव्हा वेगळंच लक्षात आलं. ती प्रत्येक शब्दाची सुरुवात बरोबर करायची आणि पुढचं दडपून द्यायची. पुस्तकात बाजार असला की ही बाजरी म्हणून मोकळी. अक्षरं न ओळखणाऱ्या पोरीला एवढंसुद्धा जमणार नाही. हिला अक्षरं येत होती. पोरं हसायच्या आत वाक्य संपवायची तिला घाई होती, एवढंच.

मी तिला बाजूला बसवलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. समोर पुस्तक उघडं ठेवलं. तिनं ऐकलं, पुस्तकात बघितलं, पुन्हा ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“अगं बाई! म्या मनानंच वाचायले की!”

चूक तिची तिनंच पकडली होती. त्या दिवसापासून ती बोट ठेवून, सावकाश वाचायला लागली. “बाई, माजं रेकॉर्ड करा” म्हणून स्वतःच मागं लागायची. म्हणून ते जूनचे व्हिडिओ मला सोन्यासारखे होते.

ते जपायला आणखी एक कारण होतं. चौथीनंतर पोरं बेंबळीला पाचवीत जातात. कोमलचे वडील दत्तूभाऊ मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले होते, “एसटीची येरझार करून काय करायचं बाई? तिचं डोकं चालत न्हाय. घरी ऱ्हाईल, शेरडं बघंल. धाकट्यालाबी सांभाळंल.”

माणूस वाईट नव्हता. पोरीवर जीव होता त्याचा. पण दरवर्षी शाळेनंच त्याला सांगितलं होतं की पोरगी कच्ची आहे. त्यानं शाळेवर विश्वास ठेवला, त्यात त्याचं काय चुकलं? मी म्हटलं, “एकदा शाळेत या. ती आधी कशी वाचायची आणि आता कशी वाचते, कानांनी ऐका. मग ठरवा.” त्यांनी गुरुवारी येतो म्हणून सांगितलं. टीमचा गुरुवार नंतर ठरला. दत्तूभाऊंचा आधी ठरला होता.

तपासणी म्हटली की आमच्याकडं काय काय होतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. फरशी धुतात, दारात रांगोळी काढतात, हुशार पोरं पुढच्या ओळीत येतात. आणि आदल्या दिवशी कच्च्या पोरांना हमखास ताप येतो. बुधवारी कदम सर माझ्या वर्गाच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, “कोमलला सांगा, उद्या नाही आली तरी चालंल. समर्थलाबी.”

“दोघंही ठणठणीत आहेत, सर.”

“बाई, साहेबांचं ऐका हो. श्रावणीचं अक्षर मोत्यासारखं आहे. सगळ्यांचे निबंध तिच्याकडून लिहून घ्या, फोटो काढा, ज्याच्या त्याच्या नावावर टाका. सगळे असंच करतात.”

सरांनी माझी वाट बघितली नाही. श्रावणीला त्यांनी कामाला लावलं होतंच. दुपारी ती कोरे कागद घेऊन माझ्याकडे आली. तोंड रडवेलं. “बाई, समर्थची ‘माझी आई’ लिहायलेव. त्येची आई काय करते?”

मला भयंकर राग आला. एका पोरीनं वर्गातल्या सगळ्यांच्या आया लिहून काढायच्या, आणि आम्ही त्याला मुलांची प्रगती म्हणायचं! मी ते कागद घेतले आणि म्हटलं, “तू तुझ्या आईवर लिही. समर्थची आई समर्थ लिहील.” समर्थनं चार ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन तिरक्या गेल्या. मी फोटो काढला आणि त्याच्या फोल्डरमध्ये टाकला.

गुरुवारी टीम आली. कोमलही आली, तेल लावून, दोन वेण्या घालून. कदम सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं.

टीमचे मोठे साहेब वर्गात बसून मुलांची फोल्डर्स बघत होते, तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. कदम सर लगबगीनं पुढं गेले. “दत्तू, मागनं ये. साहेब आलेत.”

मी व्हरांड्यातून आवाज दिला, “दत्तूभाऊ, आत या. तुम्हाला हीच वेळ दिलीय.”

ते चपला काढून दाराशी उभे राहिले. मी साहेबांना म्हटलं, “सर, हे कोमलचे वडील. हा पोर्टफोलिओ ह्यांच्यासाठीच आहे. तुम्हीही ऐका.” साहेबांच्या कपाळावर आठी पडली, पण ते नको म्हणाले नाहीत.

जूनचा व्हिडिओ लावला. कोमल अडली, पुढचं मनानं ठोकून दिलं, आणि गप्प झाली. दत्तूभाऊंनी मान खाली घातली. “ह्येच तर म्या म्हनत हुतो, बाई.”

मग दिवाळीच्या आधीचा लावला. मग फेब्रुवारीतला. त्यात ती अख्खा धडा वाचत होती. दत्तूभाऊंनी मान वर केली. पण माणूस पक्का.

“राग धरू नका बाई, पर फोनमधी काय बी करता येतंय. आमच्या भाच्यानं फोटूत मला सिंहावर बसवलंय.”

पोरं खो-खो हसली. साहेबांनाही हसू आलं. मी म्हटलं, “मग फोन राहू द्या. तुमच्याकडचं काहीही वाचायला द्या.”

त्यांनी खिसा चाचपला आणि घडी घातलेला एक कागद काढला. वांग्यावर फवारायच्या औषधाच्या बाटलीसोबत आलेला. बारीक छपाई, अवघड शब्द.

कोमलनं कागद उलगडला, बोट ठेवलं. पहिलं वाक्य गेलं. दुसऱ्यात ‘प्रतिबंधात्मक’ आला आणि ती अडली. वर्गात कुणी खुसखुसलं. जूनमधली कोमल असती तर काहीतरी ठोकून देऊन मोकळी झाली असती. ही म्हणाली, “थांबा जरा.” शब्द तोडला, पुन्हा जोडला, आणि पूर्ण म्हटला. मग पुढं वाचलं, “फवारणी करताना हातमोजे वापरावेत.”

“हातमोजे घाला म्हनतंय व्हय?” दत्तूभाऊ म्हणाले. “दुकानदारानं तर सांगितलं न्हाय.”

“फुडंबी हाय आबा. रिकामी बाटली घरात ठेवू नये.” तिनं कागदावरून मान वर केली. “तुमी तर तिच्यात राकेल ठिवलंय.”

सगळा वर्ग हसला. ह्या वेळी कोमलला नाही.

दत्तूभाऊंनी कागद परत घेतला, घडी घालून खिशात ठेवला. जाताना मला एवढंच म्हणाले, “बेंबळीचा फारम कवा भरायचा ते सांगा.” मला भरून आलं. साहेबांसमोर मी ते लपवलंही नाही.

माझी जिरली की मी जिंकले, ते तुम्हीच ठरवा. टीमनं शेरा मारला, ‘पोर्टफोलिओमध्ये अप्रगत नमुने आढळले, ते काढून टाकावेत.’ आमची श्रेणी घसरली. ज्या शाळेत सगळ्या पोरांचं अक्षर एकाच वळणाचं होतं, तिला उत्कृष्ट मिळालं. कदम सर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होते. वर माझ्याकडून खुलासा मागितला, म्हणजे तुम्ही असं का केलंत ते लेखी द्या. मी लिहिलं, “नमुने मुलांचे आहेत, चुकाही मुलांच्याच आहेत. पहिल्या दिवसापासून सगळं बरोबर येणाऱ्या शाळेला शिक्षक कशाला लागतो, ते कळवावं.”

कोमल आता एसटीनं बेंबळीला जाते. दत्तूभाऊ हातमोजे घालून फवारतात आणि गाव त्यांना हसतं. परवा तिच्या बेंबळीच्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा ती आमच्या शाळेत आली. पहिलीतली एक पोरगी वाचताना अडून रडकुंडीला आली होती. कोमल तिच्याशेजारी बसली आणि मला म्हणाली, “बाई, माजा जूनचा व्हिडिओ दावा की हिला.”

खुलाशाला अजून उत्तर आलेलं नाही. व्हिडिओ होता तिथंच आहे.